भूकंपाच्या वेळी अंगावर कोण होतं?

डॉक्टर दात बघायचे आणि मी इतिहास विचारायचो. ग्रामीण रुग्णालयातली माझी एकतीस वर्षांची नोकरी एवढ्या एका वाक्यात मावते. बाकी हजेरीपट, औषधांची मागणीपत्रं, गळक्या छताबद्दल वरती धाडलेली स्मरणपत्रं हा माल सगळ्याच कचेऱ्यांत असतो. त्यासाठी दिवाळी अंकाची पानं कशाला खर्ची घाला.

मी कारकून होतो. रुग्णालय पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जो गाढवपणा सांगणार आहे तो एकट्या माझा आहे, त्यात गावाला ओढायला नको. तर आमच्याकडं दर बुधवारी वयाचे दाखले मिळायचे. ज्यांनी शाळेचं तोंड बघितलं त्यांची चिंता नव्हती. मास्तरांनी त्यांना नाव घालतानाच एक जून ही जन्मतारीख बहाल केलेली असायची. आमचं गिऱ्हाईक म्हणजे शाळेत न गेलेली माणसं. म्हातारपणाचं अनुदान हवं, एसटीची सवलत हवी, कुठं नाव लावायचं, की कुणीतरी त्यांना सांगायचं, ‘वयाचा पुरावा आणा.’ मग ती सकाळच्या एसटीनं यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर ओळीनं बसायची.

डॉक्टर केस बघायचे, कातडी बघायचे, तोंड उघडायला लावायचे. पण पन्नाशीनंतर दात वय सांगत नाहीत, फक्त तंबाखू सांगतात. मग डॉक्टर माझ्याकडं बोट करायचे. ‘जा, साहेबांना माहिती सांगा.’

इथं माझी खरी नोकरी सुरू व्हायची. मी इतिहासाचा बी.ए. आहे, सांगलीला विश्रामबागेत शिकलेलो. प्राध्यापक व्हायचं होतं, झालो कारकून. पण सरकारनं माझ्या इतिहासाला असं मागच्या दारानं घरात घेतलं. माझी एक जाड वही होती. डाव्या बाजूला देशाच्या तारखा : बेचाळीसची चळवळ, स्वातंत्र्य, महाराष्ट्र राज्य, चीन, पाकिस्तान, आणीबाणी. उजव्या बाजूला खोऱ्यातल्या घडामोडी : धरणाचं काम निघालं, पहिली एसटी आली, भूकंप झाला, अमुक वाडीत बिबट्या शिरला. माणसाला वय विचारायचंच नाही, हा माझा पहिला नियम. ‘ऐंशी असंल, न्हाईतर साठ’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा एखादी घटना धरायची आणि विचारायचं, तेव्हा तुम्ही काय करत होता? कडेवर होता की चालत होता? डोक्यावर हंडा घेता येत होता का? बायकांना तर एकच प्रश्न पुरायचा. भूकंपाच्या वेळी अंगावर कोण होतं? म्हणजे दूध पिणारं पोर कोणतं? बाई लगेच सांगायची, आणि तिच्या सगळ्या पोरांची सालं एका दमात लागायची.

या कामानं मला देशाचा इतिहास नव्यानं शिकवला. उदाहरणार्थ, आमच्या जिल्ह्यात बेचाळीसला भूमिगतांना रानात भाकरी पोचवणारे इतके लोक मला भेटले, की त्या सगळ्यांनी खरंच पोचवल्या असत्या तर भूमिगतांना अंगानं सुटून पळताच आलं नसतं. यातले दोघे तर माझ्या हिशेबानं तेव्हा पाळण्यात होते. एकाला मी तसं म्हणालो, तर म्हणाला, ‘आवं, आय पोचवायची. मी पाठीवर हुतो न्हवं?’ आता याला काय म्हणणार? लिहिलं, बेचाळीस साली पाठीवर.

स्वातंत्र्याच्या दिवशी काय झालं, असं एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, ‘साळंत साखर वाटत्यात म्हनून पळत गेले. पोचस्तवर सपली.’ पळत गेली, म्हणजे वय पाच-सहा तरी. माझं काम झालं. पण बाई मात्र माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी सरकारकडून ती राहिलेली साखर घेऊनच बसलोय.

एकाहत्तरच्या लढाईत दिवे मालवण्याचा हुकूम होता, म्हणून मी विचारायचो, ‘काळोख केला होता ते आठवतं का?’ पुष्कळ वाड्यांतून एकच उत्तर यायचं, ‘काळूख तर हुताच की.’ शेजारी धरण, धरणाची वीज सगळ्या महाराष्ट्राला, आणि वरच्या वाड्यांवर रॉकेलच्या चिमण्या. तेव्हापासून तो प्रश्न मी वहीतून खोडून टाकला.

बहात्तरचा दुष्काळ पूर्वेच्या माणसांसाठी चांगला उपयोगी पडेल असं मला वाटायचं. माण तालुक्याकडचा एक धनगर मेंढरं घेऊन दरसाल आमच्या बाजूला उतरायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘कंचा दुष्काळ? आमच्याकडं त्यो दर साल येतुया. तुमच्याकडं एकदाच आला तर तुमी नंबर दिला.’ आणीबाणीबद्दल पुरुष मंडळी आवाज खाली आणायची. एकजण इकडंतिकडं बघून म्हणाला, ‘सायेब, माजं धाकटं पोरगं त्येच्या आदीचं हाय. हे शंभर टक्के. त्येच्यानंतर माज्याकडनं काय व्हायचं न्हवतंच.’ इतका पक्का पुरावा मला नोकरीत दुसरा मिळाला नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं. आणि माणसाचं मजेत चाललं, की त्याची जीभ सैल सुटते. माझी बायको म्हणायची, ‘तुम्ही तिकडं दाखले देता की तमाशा करता?’ बाकावरची माणसं माझ्या प्रश्नांना हसायची, मला चेव यायचा. बुधवारी काही लोक काम नसतानाही येऊन बसायचे. साल ठरवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. एका बुधवारी दोन बायका आल्या. आई आणि लेक. आई पंचाहत्तरीच्या आसपासची, काटकुळी, ताठ. नाव अनसूयाबाई. लेक हौसाबाई, पन्नाशी ओलांडलेली. दोघीही विधवा. हौसाबाईंना मूल नव्हतं, नवरा गेल्यावर त्या आईकडं येऊन राहिल्या होत्या. अनसूयाबाईंचा नवरा फौजेत होता, लढाईत गेला होता. त्याच्यामागं बाईंना पेन्शन मिळत होती. आता त्यांना आपल्या डोळ्यांदेखत लेकीचं नाव नवऱ्याच्या कागदांना लावून घ्यायचं होतं, म्हणजे आपल्या पाठीमागं तिला आधार राहील. साताऱ्याच्या कचेरीनं सांगितलं होतं, मुलीच्या वयाचा दाखला आणा.

त्या वेळी आमच्याकडं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हौसाबाईंना तपासलं आणि नेहमीप्रमाणं माझ्याकडं धाडलं. बाक भरलेला होता. दहा-बारा माणसं, चार-पाच गावांची. मी वही उघडली.

‘मावशी, मालक कुठल्या लढाईत गेले?’

‘चीनच्या.’

मी वहीत बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. चीनची लढाई, एकोणीसशे बासष्ट. बी.ए.ला त्यावर वीस मार्कांचा प्रश्न मी लिहिला होता.

‘काय करत होते तिथं?’

‘कुंपान घालत हुतं. काटेरी तारंचं. थितंच गोळी लागली.’

‘लढाईत कुंपण कोण घालतं, मावशी?’ बाकावर थोडं हसू पसरलं.

‘मला काय म्हाईत. त्येंच्या संगतीचा मानूस आलता, त्यो सांगत हुता. कागुद हाय की साताऱ्याला, त्येच्यावर समदं लिवलंय.’

‘कागद राहू दे,’ मी म्हणालो. कागदावर भरवसा ठेवायचा असता तर मग माझी वही कशाला होती? मी माझा हुकमी प्रश्न काढला. ‘भूकंपाच्या वेळी अंगावर कोण होतं?’

‘ही की!’ अनसूयाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘दहा दिसांची हुती. बाराव्याला बारसं करायचं, समदी तयारी झाल्याली, आन् भित पडली. सासूनं सुपात घालून भाईर काढली हिला. म्हैनाभर खोपटात व्हतो आमी, थंडीत. बारसं थितंच उरकलं.’

आता माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. भूकंप अकरा डिसेंबर सदुसष्टचा. पोर दहा दिवसांची, म्हणजे जन्म एक डिसेंबर. दिवसासकट तारीख! अशी तारीख मला साऱ्या नोकरीत कुणी दिली नव्हती. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात वजाबाकी झाली. बासष्ट आणि सदुसष्ट. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता, मावशीला आत नेऊन हळू विचारलं असतं. मी बाकाकडं बघितलं.

‘मावशी, मालक गेले बासष्टला. लेक झाली सदुसष्टला. पाच वर्षं पोटात ठेवली होती का हिला?’

बाक खदखदून हसला. कुणीतरी मांडीवर थाप मारली. मीही हसलो, हे लिहिलं पाहिजे, कारण आता ते लिहिताना मला घाम फुटतोय.

अनसूयाबाई हसल्या नाहीत. त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.  हौसाबाई खाली मान घालून पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या.

‘सालं बिलं मला म्हाईत न्हाईत, सायेब,’ अनसूयाबाई म्हणाल्या. ‘मी सांगितलं ते खरं हाय. शिवरात्रीला रजंवर आलतं. गौरी-गनपती झालं आन् कागुद आला. तवा ही पोटात हुती.’

‘बरं, बरं,’ मी म्हणालो आणि अर्जावर शेरा मारला : तोंडी माहितीत विसंगती, दाखला देता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘नक्की ना?’ मी म्हणालो, ‘मॅडम, इतिहास माझा विषय आहे.’ दोघी बायका उठून गेल्या. मी पुढचं नाव पुकारलं.

दोन महिने झाले. एका दुपारी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रांगेत एकाएकी आवाज चढला. आमच्याकडं एक निवृत्त सुभेदार यायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते एका माणसावर ओरडत होते, ‘किसकी बात कर रहे हो? कोण बोललं हे? नाव सांग!’ तो माणूस माझ्याकडं बोट दाखवत होता. अण्णा तरातरा माझ्या टेबलाशी आले.

‘पाच वर्सांची पोटुशी म्हनून एक जोक फिरतोय खोऱ्यात. त्यो तुमी काढला?’

मी ततपप करायला लागलो. झालं होतं असं की बाकावरच्या माणसांनी माझा विनोद आपापल्या गावी नेला होता. नळावर, पिठाच्या गिरणीत, लग्नात. जिथं जिथं या मायलेकी जायच्या तिथं तो त्यांच्या आधी पोचलेला असायचा. मी अण्णांना माझी वजाबाकी सांगितली. बासष्ट, सदुसष्ट.

‘आवं, तुमाला सदुसष्ट ठावं न्हाई?’ अण्णा बघतच राहिले. ‘शिकल्यालं ना तुमी? सदुसष्टच्या सप्टेंबरात सिक्कीमच्या सरहद्दीवर जुंपली की चीनशी. मी नवा भरती, खालच्या तळावर हुतो. जखमी लोक आमच्याच गाडीतनं उतरवलं. कशावरनं पेटलं म्हाईत हाय? कुंपनावरनं! आपली मानसं काटेरी तार घालत हुती, आन् तिकडनं फायर सुरू झाला.’

मी म्हणालो, ‘असं कुठं वाचलेलं नाही.’

‘वाचलं न्हाई म्हनून झालं न्हाई व्हय?’ अण्णा म्हणाले. ‘ती मान्सं काय मग झोपंत मेली?’

ते गेल्यावर मी मोबाइलवर शोधलं. होतं. अकरा सप्टेंबर सदुसष्ट, नाथू ला खिंड. कुंपणासकट सगळं होतं. घरी जाऊन माझी बी.ए.ची पुस्तकं माळ्यावरून काढली. बासष्टवर एक अख्खं प्रकरण, पेन्सिलीनं खुणा केलेलं. सदुसष्टवर एक ओळ नाही. पुस्तकाला शिव्या घालायचा मोह झाला, पण पुस्तक काही बाकाकडं बघून हसलं नव्हतं. बाईनं सगळं सांगितलं होतं. चीन, कुंपण, शिवरात्र, गणपती, भूकंप. एकही गोष्ट चुकीची नव्हती. कागदही आहे म्हणाली होती. माझ्या साऱ्या नोकरीतला सगळ्यात बिनचूक साक्षीदार माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला खोटं ठरवून हाकललं होतं. 

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दाखल्याचा कागद पुढं ओढला. वय चौपन्न वर्षं पूर्ण. खाली मी आधार लिहिला, तारीखवार, आणि त्यांनी सही-शिक्का केला. खरं तर निरोप धाडून बायकांना बोलावता आलं असतं. पण मी रजा टाकली आणि संध्याकाळच्या एसटीनं त्यांच्या गावी गेलो.

गावात उतरलो तेव्हा डेअरीवर दूध घालायची वेळ होती. पंचवीस-तीस माणसं कॅन, किटल्या घेऊन रांगेत उभी. त्यात अनसूयाबाई होत्या, पुढं मापाशी हौसाबाई दूध ओतत होत्या. मी अनसूयाबाईंच्या जवळ गेलो. त्यांनी ओळखलं. 

मी खालच्या आवाजात सुरुवात केली. ‘मावशी, माझी चूक झाली. तुमचं सगळं खरं होतं. चीनशी दुसऱ्यांदाही चकमक झाली होती, मला माहीत नव्हतं. हा दाखला आणलाय.’ कागद पुढं केला.

त्यांनी हात पुढं केला नाही.

‘सायेब, पाच वर्सं म्हनालासा तवा मोठ्यानं म्हनालासा,’ त्या म्हणाल्या. ‘आता काय झालं ते बी तेवढ्याच मोठ्यानं म्हना.’

मी इकडंतिकडं बघितलं.  मापावरचा माणूस हातातलं माप तसंच धरून उभा होता. हौसाबाई वळल्या होत्या. इतकी वर्षं लोकांना बाकावर बसवून मी प्रश्न विचारले, पण पायरीवर उभं राहून बोलायची वेळ कधी आली नव्हती.  डेअरीच्या पायरीवर चढलो.

‘मी दाखल्याचा कारकून,’ मी म्हणालो. ‘या मावशींचे मालक सदुसष्टच्या सप्टेंबरात चीनच्या सरहद्दीवर लढाईत गेले. हौसाबाई त्यानंतर अडीच महिन्यांनी झाल्या. पाच वर्षं मी बोललो. ते चूक होतं.’

‘मागं ऐकू आलं न्हाई!’ कुणीतरी ओरडलं.

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, लोकांना धक्का बसेल. रांगेतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘आमाला ठावं हाय की ते. आमीच हुतो न्हवं कागुद आला तवा. भाईरच्यांनला सांगा. तुमच्या बाकावरच्यांनला.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. ‘पुढच्या बुधवारी सांगतो. दर बुधवारी सांगतो.’ आणि निवृत्त होईपर्यंत मी सांगितलं. लोक कंटाळले, तरी सांगितलं. विनोद जेवढ्या वेगानं गावोगाव गेला होता तेवढ्या वेगानं हे काही जाईना, पण मी सांगत राहिलो.

त्या संध्याकाळी मी पायरीवरून उतरलो, तेव्हा अनसूयाबाईंनी पहिल्यांदा हात पुढं केला. कागद घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग लेकीला हाक मारली.

‘हौसे, हे धर. साताऱ्याला तुज्या बापाच्या कागदाला जोडायचाय.’

हौसाबाई दोन पावलं पुढं आल्या आणि थबकल्या. आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

‘दुधाचं हात हायती, आये,’ त्या म्हणाल्या. ‘थांब, आदी धुवून येते.’